लाल दिवा कसा विझवावा

मोटारीवर लाल दिव्याला दोन जागा असतात, असे आपल्या देशात पुष्कळ वर्षे मानले जात होते. एक टपावर आणि दुसरी चालकाच्या नजरेसमोरच्या फळीवर. टपावरचा दिवा लागला की चौकातला शिपाई सलाम ठोकी आणि गावोगावचे कारकून दप्तर काखोटीस मारून अदबीने उभे राहत. फळीवरचा दिवा लागला की मात्र कोणीच उभे राहत नसे, उभी राही ती केवळ मोटार, आणि तीही बहुधा अशा ठिकाणी की जेथे एका काटेरी बाभळीखेरीज सावलीची दुसरी तजवीज नाही. १ मे २०१७ पासून सरकारने टपावरचा दिवा उतरविला आणि प्रतिष्ठितांची एक अख्खी पिढी अंधारात लोटली. आतला दिवा उतरविण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतलेला नाही. तो लोकांनीच परस्पर घेतला आहे, आणि आमच्या वाशिम जिल्ह्यात तो किती नानाविध रीतींनी बजावला जातो हे पाहण्याचा योग मला वारंवार आला असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

या दिव्यावर एक चित्र असते: लांब चोचीची झारी आणि चोचीच्या टोकाशी लोंबणारा तेलाचा एक थेंब. चित्रातल्या मजकुराचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या वकुबाप्रमाणे लावायचा असतो, आणि आमच्याकडे तो सर्वानुमते असा लागला आहे की, मोटार तेल मागत आहे, सबब तेल ओतावे. वस्तुतः इंजिनात तेल किती आहे याची त्या दिव्याला यत्किंचितही खबर नसते. इंजिनाच्या अंगावर एक छोटेसे बटण बसविलेले असते. तेलाचा दाब त्याच्यावर पडत राहिला की दिव्याचा प्रवाह तुटलेला राहतो, आणि तो दाब दर चौरस इंचाला चार ते सात पौंडांच्या खाली उतरला की प्रवाह जुळून दिवा लागतो. किल्ली फिरवताक्षणी त्याने लागावे आणि इंजिन सुरू होताच विझावे, हा त्याच्या चाकरीचा एकमेव नियम. किल्ली फिरवूनही जो लागतच नाही, तो दिवा इंजिन निकोप असल्याचा दाखला देत नसून आपण स्वतः कामावर गैरहजर असल्याची कबुली देत असतो. परंतु असल्या गैरहजेरीबद्दल आनंद मानणारे धनी आमच्याकडे पैशाला पासरी मिळतात.

आता वाशिम आणि जुन्या मोटारी यांचा ऋणानुबंध काय, तेही सांगितले पाहिजे. वाशिम हे स्थळ म्हणून पुरातन आहे. वत्सगुल्म या नावाने ते वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे नगर होते. परंतु जिल्हा म्हणून त्याचे वय फारच कोवळे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे तालुके वेगळे निघाले आणि नव्या जिल्ह्याच्या वाहनांना 'एमएच ३७' ही पाटी मिळाली. तत्पूर्वी पासिंग झालेल्या मोटारी अद्यापही अकोल्याची 'एमएच ३०' ही पाटी मिरवीत हिंडतात, आणि आपण ज्या जिल्ह्याच्या रस्त्यावर चालतो त्या जिल्ह्याहून आपण वयाने वडील आहोत, हा भाव त्यांच्या प्रत्येक हेलकाव्यात स्पष्ट दिसतो. २०१८ साली नीती आयोगाने वाशिमचा समावेश आकांक्षित जिल्ह्यांत केला. या मोटारी त्याच्या पुष्कळ आधीपासून आकांक्षित होत्या, आणि पातूरचा घाट एका दमात चढून जाणे ही त्यांची चिरंतन आकांक्षा होती.

जुनेपणा हा काही गुन्हा नव्हे. मुर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळला जाणाऱ्या आमच्या शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेले होते आणि ते १९९४ पर्यंत चालले. परंतु वाफेच्या इंजिनाचा चालक गाडी स्टेशनात थांबली की प्रथम झारी घेऊन खाली उतरे आणि सांध्यासांध्याला हात लावून पाही. ही सर्वत्रचीच रीत होती. आमच्या मोटारीचा चालक गाडी थांबली की प्रथम चहाच्या टपरीकडे जातो. त्यात पुन्हा रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या त्या मोटारीत सात मोठी माणसे, सोयाबीनचे एक पोते आणि मांडीवर बसल्यामुळे ज्यांची मोजदाद होत नाही अशी तीन मुले असतात. आणि इतके असूनही इंजिनाने 'हूं' की 'चूं' करू नये अशी सर्वांची अपेक्षा असते.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या मोटारीचे कूळ आणि गोत्र येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. चार सिलिंडर, कार्बुरेटर आणि हाताने फिरवायच्या काचा एवढे वर्णन तिच्या काळाची कल्पना येण्यास पुरेसे आहे. एका उन्हाळ्यात अकोल्याहून परतताना पातूरच्या घाटात तिच्या पोटातून ठोक्यांचा आवाज येऊ लागला, आणि घाट संपून मेडशी मागे पडून मालेगावच्या गर्दीत गती मंदावली तेव्हा फळीवरचा लाल दिवा दोनदा मिचकावला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींच्या अंगणात, कडुलिंबाखाली, इंजिन सुरू ठेवून तपास आरंभला गेला आणि पंच आपोआप जमले, कारण आमच्याकडे मोटारीचा बॉनेट उघडला गेला की त्याची इत्तिला गल्लीत कोणी द्यावी लागत नाही.

प्रथम एस. टी.तून निवृत्त झालेले चालक बोलले. "गुर्जी, हे टायमिंगचं काम हाय. आख्खी जिंदगी यष्टी चालवली, मले आवाजावरून समजते." एस. टी.चे इंजिन डिझेलचे असते आणि त्यात ठिणगीचा प्लगच नसतो, ही बारीकशी अडचण कोणी उपस्थित केली नाही. त्यानंतर ट्रॅक्टरचे धनी पुढे सरसावले. "काहून वाजून राह्यली थे मी सांगतो. पिस्टन गेलं. इंजन खोला लागते." मागच्याच महिन्यात त्यांच्या ट्रॅक्टरचे इंजिन खोलावे लागले होते, आणि जगात एकट्याचेच इंजिन खोलले गेले हे दुःख माणसाला सहन होत नाही. शेजारच्या किराणा दुकानदारांनी पेट्रोलातील भेसळीवर बोट ठेवले. भेसळ या विषयावर त्यांचे बोलणे सर्वांनी आदराने ऐकले. पुण्याहून आलेले गुरुजींचे जावई इंजिनाकडे पाहतही नव्हते. जुनी द्यावी आणि नवी हप्त्याने घ्यावी, असा सल्ला ते मोबाइलवर दर काढून देत होते. गुरुजींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मग अभिमानाने तेलाची पट्टी ओढून दाखविली. "बाकी काही म्हणा, गाडी तेल खात नाही. गेल्या महिन्यापेक्षा पातळी बोटभर वरच आहे. अशी मोटार जिल्ह्यात दुसरी दाखवा!" त्यावर कोणी दुसरी दाखवू शकले नाही आणि सभा तेल जाड टाकावे असा ठराव करून बरखास्त झाली.

या सभेत एक गोष्ट सर्वांनी गृहीत धरली होती की, इंजिनाचा ठोका म्हणून एकच एक ठोका असतो. प्रत्यक्षात इंजिनाच्या पोटातून येणारे आवाज एका घराण्याचे नसतात. टॅपेटची टिकटिक वरच्या अंगाने येते, हलकी असते आणि इंजिनाच्या निम्म्या गतीने चालते, कारण झडपा उचलणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकच फेरी घेतो. ती ऐकून झोप उडवून घेण्याचे कारण नाही, फट मोजून नीट केली की भागते. झिजलेला पिस्टन सकाळी थंड असताना सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो आणि तापून फुगला की गप्प बसतो. चढावर, पाय दाबताच जो धातूचा किणकिणाट सुरू होतो आणि पाय सैल करताच थांबतो, तो ज्वलनाचा ठोका. त्यात अद्याप काही मोडलेले नसते, पण मोडण्याची पूर्वतयारी चाललेली असते. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या तोंडाचे, म्हणजे बिग एंडचे बेअरिंग झिजले की ठकठक ऐकू येते, आणि वेग घेऊन एकदम पाय उचलला की ती अधिकच स्पष्ट होते. सर्वांत भयंकर तो क्रँकच्या मुख्य बेअरिंगचा, खोल, जड, कानांपेक्षा तळपायांना आधी कळणारा. तो आवाज आला की जावयांचा सल्ला विचारात घेण्यास हरकत नाही.

एस. टी.च्या चालकांचे 'टायमिंग' मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ठिणगी वेळेच्या फार आधी पडली, किंवा पेट्रोल हलक्या प्रतीचे असले, किंवा सिलिंडरच्या माथ्यावर काजळीचे थर साचले, किंवा इंजिन अति तापले, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याच्या आधीच मिश्रणाचा उरलेला भाग आपल्या आपण भडकतो आणि घाटात किणकिणाट होतो. या ठोक्यावर औषध शोधण्याचा इतिहास आमच्या कडुलिंबाखालच्या सभेला दिलासा देणारा आहे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिज्ली हे १९१६ च्या सुमारास रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाच्या ठोक्याच्या मागे लागले होते. एका रानवेलीच्या पानांची खालची बाजू लाल असते आणि ती बर्फातच फुलते, तेव्हा लाल रंग उष्णता अधिक शोषीत असला पाहिजे, सबब रॉकेल लाल रंगवावे म्हणजे ते लवकर तापून वाफ होईल आणि ठोका थांबेल, असा तर्क निघाला. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन घातले, आणि ठोका थांबला! आमच्या अंगणात येथेच हारतुरे झाले असते. मिज्लींनी मात्र नंतर खरोखरीचे लाल रंग आणून रॉकेलात घातले, ठोका तसाच राहिला, आणि आपला तर्क निव्वळ खुळचट होता हे त्यांनी स्वतःच सिद्ध केले. गुण रंगाचा नसून आयोडीनचा होता, हे कळल्यावर पुढे पाच वर्षे एकामागून एक द्रव्ये पारखीत ९ डिसेंबर १९२१ रोजी ते शिशाच्या एका संयुगापाशी येऊन पोहोचले. ते द्रव्य ठोक्याला उतारा आणि माणसाला विष ठरले. खुद्द मिज्लींना १९२३ साली शिशाची बाधा झाली, भारतात शिसेयुक्त पेट्रोलाची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र बंद झाली आणि जगाच्या पाठीवरून ते उठायला २०२१ साल उजाडले. अलीकडे आपल्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ज्वलनाच्या ठोक्याला दाबून धरते हा त्याचा गुण. जुन्या मोटारींतील जुन्या प्रतीच्या रबराशी त्याचे पटत नाही, हा त्याचा अवगुण. या अवगुणाची वाचकांनी कृपया मनात नोंद ठेवावी, ती पुढे रुजू होणार आहे.

आता तेलाकडे वळू. इंजिनात तेल हे धातूला ओशट ठेवण्यासाठी घालतात, अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि दाराच्या बिजागरीपुरती ती बरोबरही आहे. परंतु इंजिनाचा क्रँक आपल्या बेअरिंगवर टेकून फिरतच नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती भूमीला न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. तेथील अधांतरत्व ईश्वरी सत्तेने असेल, येथील अधांतरत्व तेलाच्या सत्तेने असते, एवढाच फरक. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते. फिरणारा क्रँक तेलाला आपल्याबरोबर त्या निमुळत्या फटीत खेचतो, आणि तेथे कोंडलेले तेल इतक्या जोराने रेटा देते की सगळा भार त्याच्यावर उचलला जातो. मिनिटाला तीन हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला पन्नास. इतक्या वेगाने लोखंडाला लोखंड भिडू न देण्याची जोखीम त्या पातळ पापुद्र्यावर असते, आणि पंपाचे काम एवढेच की त्या पापुद्र्याला तेलाची रसद अखंड पोहोचती करावी. लाल दिवा सांगतो ती रसद तुटल्याची वार्ता.

या रहस्याचा शोध कसा लागला, हे तर प्रत्येक गॅरेजाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे. १८८३ च्या सुमारास लंडनमध्ये बीचम टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालण्यासाठी एक भोक पाडलेले होते. आस फिरू लागताच, जेथून तेल आत जावयाचे त्या भोकातून ते उलट बाहेर येऊन वाहू लागले. टॉवर यांनी, आपण सर्वांनी केले असते तेच केले: त्यांनी भोकाला बूच मारले. तेलाने बूच उडविले. त्यांनी लाकडाची खुंटी ठोकली. तेलाने तीही हळूहळू वर ढकलून दिली. तिसरे बूच अधिक घट्ट ठोकावे ही मनुष्यस्वभावातली ओढ त्यांनी आवरली आणि त्या भोकावर दाबमापक बसविला. काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला. त्या काट्यावरून १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी वंगणाचे गणित मांडले आणि जगातल्या यच्चयावत् बेअरिंगांचे शास्त्र त्या गणितावर उभे राहिले. तक्रार करणाऱ्या छिद्राला दोन बुचे मारून झाल्यावर तिसऱ्या खेपेस माप लावणे, एवढ्यात त्या माणसाचे सगळे मोठेपण आले.

आमच्याकडे तिसरी खेप येत नाही, कारण बुचांचा साठा अपार आहे. लाल दिवा विझविण्याचे सर्वांत स्वस्त बूच म्हणजे बटणावरची तार उपटणे. दिवा तत्क्षणी विझतो, आणि मिस्त्री शिकाऊ असला तर त्याबद्दल तो दक्षिणाही घेतो. दुसरे बूच काळ्या चिकटपट्टीचे, ते थेट दिव्याच्या तोंडावर. तिसरे बूच इंजिनाचा आयडल चढवून ठेवण्याचे. थांबलेली मोटार निष्कारण गुरगुरत राहते, पंप जरा जोराने फिरतो आणि चौकात दिवा मिचकावायचा थांबतो. चौथे जाड तेलाचे, आणि पाचवे बाटलीतल्या कसल्याशा मधासारख्या औषधाचे, ज्याने झिजलेले बेअरिंग भरून येते असे बाटलीवर छापलेले असते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की पुष्कळदा दोष खरोखरीच त्या बटणाचा असतो आणि ते बदलले की प्रकरण किरकोळ खर्चात निकाली निघते. परंतु खोटी साक्ष बटणाची की खरी फिर्याद इंजिनाची, याचा फैसला बटण बदलून नव्हे, बटणाच्या जागी दाबमापक लावूनच होतो.

गुरुजींच्या गाडीला जाड तेल पाजले गेले, दिवा दोन दिवस विझला, तिसऱ्या दिवशी अधिकच निर्लज्जपणे लागला, आणि अखेर मोटार टोचन लावून पुसद नाक्याकडच्या एका वयस्क मिस्त्रींच्या गॅरेजात नेण्यात आली. पंचांपैकी जे रिकामे होते ते बरोबर गेले, म्हणजे सगळेच गेले. मिस्त्रींनी कोणाची कैफियत ऐकून घेतली नाही. त्यांनी मोटार सपाट जागेवर ढकलून उभी केली, पट्टी ओढली, फडक्याने स्वच्छ पुसली, पुन्हा पूर्ण आत सारली आणि दुसऱ्यांदा ओढली. तेल वरच्या खुणेच्याही वर होते. गुरुजींच्या मुद्रेवर समाधान पसरले. मिस्त्रींनी पट्टीच्या टोकाचे तेल अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून चोळले, बोटे अलग केली. तार न धरता तेल पाण्यासारखे ओघळले. मग त्यांनी ती बोटे नाकाशी नेली आणि काही न बोलता गुरुजींच्या नाकाशी नेली.

"पेट्रोल?" गुरुजी म्हणाले.

"गुर्जी, गाडीनं तेल नाई वाढवलं. पेट्रोल चेंबरात उतरून राह्यलं. बिडी कोनी पेटवू नका."

जुन्या मोटारीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या कुशीला लागून असतो आणि त्याच्या पोटात रबराचा एक पडदा वरखाली हलून टाकीतले पेट्रोल ओढीत असतो. मघाशी नोंदविलेल्या इथेनॉलच्या अवगुणाने तो पडदा चिरला की पेट्रोल कार्बुरेटरकडे जाण्याऐवजी थोडे थोडे खाली तेलात झिरपते. तेल पातळ होते, पातळी वाढते, दाब उतरतो, बेअरिंगवरचा पापुद्रा विरळ होतो, लोखंड लोखंडाला भिडू लागते, आणि मग ठोका आणि लाल दिवा या दोन तक्रारी एकाच गावाहून एकाच टपालाने येतात. त्यात भर म्हणजे सभेच्या ठरावानुसार ओतलेले जाड तेल. पातळी इतकी चढली की फिरता क्रँक त्यात बुडून त्याचा फेस करू लागला, आणि फेसाने दाब धरला जात नाही. म्हणजे ज्या गुणाबद्दल गुरुजी जिल्ह्याला आव्हान देत होते तोच रोग होता, आणि जे औषध पंचांनी एकमताने दिले त्याने तो वाढविला होता.

मिस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी जुने तेल उतरविले, पंप बदलला, नवे तेल मापाने घातले, बटण काढून तेथे दाबमापक आवळला आणि मोटार तापेपर्यंत सुरू ठेवली. थंड असताना काटा चांगला वर होता; पंखा ऊन ओकू लागला तसा तो खाली सरकत गेला आणि आयडलला पंधरा पौंडांच्या आसपास स्थिरावला. दिवा विझलेलाच राहणार, हे ठरले. ठोका मात्र शिल्लक होता. तेव्हा त्यांनी चालू इंजिनाच्या एकेका प्लगची टोपी रबरी मूठ असलेल्या पकडीने काही क्षण ओढून पाहिली. तिसऱ्या सिलिंडरची टोपी निघताच ठकठक निम्म्यावर आली, कारण स्फोटाचा जोर हटला की सैल बेअरिंगवरचा आघातही हटतो. इंजिनाच्या तळाचा तेलाचा चेंबर खाली घेतला, तिसऱ्या रॉडची टोपी उघडली. बेअरिंगच्या करड्या आतल्या अंगावर मधोमध तांब्याचा पट्टा उघडा पडलेला दिसत होता. क्रँकला मात्र चरे नव्हते. मिस्त्रींनी त्याच्यावर नख फिरवून पाहिले, नख कोठे अडले नाही, आणि त्या नखाने क्रँक घासण्याचा आणि इंजिन बोअर करण्याचा सगळा खर्च नामंजूर केला. बेअरिंगांचा एक संच, एक पंप, एक फिल्टर आणि तेल, एवढ्यावर प्रकरण मिटले.

"पन म्या टायमिंग म्हनलं होतं थे बी चुकीचं नव्हतं," एस. टी.चे चालक परतताना म्हणाले. मिस्त्रींनी टायमिंग खरोखरीच थोडे मागे घेतले होते, त्यामुळे त्यांच्या या दाव्याला हरकत घेता आली नाही. ट्रॅक्टरच्या धन्यांचाही विजय झाला, कारण इंजिन अर्धे का होईना खोललेच गेले. आणि पेट्रोलात दोष आहे, हे किराणा दुकानदारांचे भाकीत तर अक्षरशः खरे ठरले, फक्त ते पेट्रोल टाकीत नव्हे तर तेलात होते. मनुष्याचा तर्क क्वचितच पूर्णतः खोटा असतो. मिज्लींच्या खुळचट तर्कानेही त्यांना आयोडीनपाशी नेलेच होते. फरक एवढाच की त्यांनी लाल रंग आणून पाहिला, आणि आमच्याकडे तर्क बोलून झाला की तो तपासून पाहणे हा बोलणाऱ्याचा अपमान समजला जातो.

आता वाचकांस एक व्यावहारिक विनंती. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून कारंजा, शेलूबाजार आणि मालेगाव असा जातो. त्याच्यावर मोटारीला तासाला १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, आणि ही मुभा आपल्यालाही उद्देशून आहे असा जुन्या मोटारींच्या धन्यांचा समज होतो. अशा रस्त्यावर, किंवा कोणत्याही रस्त्यावर, धावत्या मोटारीत झारीचा लाल दिवा लागला आणि त्याबरोबर पोटातून ठोकाही ऐकू येऊ लागला, तर पुढचा फाटा येईपर्यंत, पुढचा पंप येईपर्यंत किंवा निदान पुढची टपरी येईपर्यंत चालवीत नेण्याचा मोह आवरावा. बाजूला घ्यावे, इंजिन त्याच क्षणी बंद करावे, काही मिनिटांनी सपाट जागी पट्टी ओढून पाहावी, तेल पुसावे, चोळावे, हुंगावे, आणि पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल तर इंजिन पुन्हा सुरू न करता टोचन मागवावे. दिवा नुसताच लागला आणि इंजिन शांत असेल, तरीही दाबमापक लागेपर्यंत त्या शांततेवर विश्वास ठेवू नये. टोचनाचे भाडे ऐकून डोळे पांढरे होतात हे मला मान्य आहे. परंतु ते भाडे नव्या क्रँकच्या किमतीहून अधिक झाल्याचे उदाहरण अद्याप तरी कोणत्याही गॅरेजात नोंदलेले नाही.